उजव्या पायाचा बूट

सोमवार, ३ ऑक्टोबर

काल लिहिलं ते चुकीचं आहे. बाबांनी मला न सांगता बूट दिला, असं लिहिलं. तसं झालं नाही. मी तिथंच होते. दोन्ही बूट मीच फडक्यात गुंडाळले, खोक्यात ठेवले, दोरीची गाठही मीच मारली. बाबा जुने बूट जमवणाऱ्या डॉक्टर ओर्मोशना म्हणाले, "आमच्या वडिलांच्या हातचा जोड." जोड हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. आणि मी कात्री शोधायला लागले. कात्री माझ्याच खिशात होती.

कालचं पान फाडणार नाही. चूक दिसू दे.

आता नीट. डावा बूट आजोबांचा. अडुसष्ट साली प्रदर्शनासाठी केलेला, एकटाच. तेव्हा प्रदर्शनाला एकच पाय करत — चोरानं नेला तरी घालणार काय, असं आजोबा म्हणायचे. तेव्हापासून तो आमच्या दुकानाच्या काचेत उभा. चढं नाक, कडेनं नक्षीची भोकं, तळाला लाकडी खिळ्यांच्या दोन ओळी. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे.

उजवा माझा. गेल्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, हात बसेल, याच्यासमोर बसून दुसरा कर. साडेचार महिने लागले. फर्मा, म्हणजे पायाचा लाकडी साचा, आजोबांचाच, कातडंही त्यांच्या पेटीत उरलेलं. झाल्यावर बाबांनी त्यावर जुनं मेण चढवलं आणि उन्हात ठेवायला सांगितलं. सरावाच्या बुटाला ऊन कशाला, तो जुना का दिसायला हवा? हे मी विचारलं नाही. ही चूकही माझीच.

बुधवार, ५ ऑक्टोबर

बाबा आज शीळ घालत होते. दोन महिन्यांनी.

शनिवार, ८ ऑक्टोबर

डॉक्टरांनी चहाला बोलावलं. "तारयान घराण्याची पोर" म्हणून. बाबा म्हणाले, जा, आणि कमी बोल.

ते दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. बायको नाही. चौथ्या मजल्यावरच्या घरात जेवणाचं टेबलसुद्धा बुटांनी भरलेलं. पोगाचाची, छोट्या खाऱ्या पावांची, बशी खिडकीच्या कठड्यावर ठेवावी लागली. नव्वदच्या वर जोड, सगळे बुडापेश्तच्या कारागिरांचे, निम्म्या दुकानांना आता टाळं. त्यांना नावं वाचावी लागत नाहीत. टाच बघून सांगतात, हा अमक्याचा, याला दारू आवडायची, शेवटची ओळ बघा कशी घाईत मारलीय. बोटाच्या पेरानं तळ वाजवतात. इंचात टाके किती ते नखानं मोजतात. आणि आत बघायला दातांचा छोटा गोल आरसा!

मला ते आवडलं. लाज वाटते, पण आवडलं. आमच्या घरात बुटाकडे असं कुणी बघत नाही. आमच्याकडे बूट म्हणजे शुक्रवारपर्यंत द्यायचा असतो.

मग आमचा जोड काढला. डाव्याबद्दल म्हणाले, उत्तम काम, तरुण माणसाचं, थोडं मिरवणारं. उजवा दोन्ही हातांत धरला, टाके नखानं दोनदा मोजले. मग म्हणाले, "हा बघ. इथं म्हातारा स्वतःला ओलांडून गेला."

मी पोगाचा तोंडात कोंबला.

त्यांनी माझा हात धरून आधी डाव्यात घातला. आत खिळ्यांची टोकं टोचली. फर्मा काढला की ही टोकं वर येतात, लांब दांड्याच्या कानशीनं घासून काढायची असतात. प्रदर्शनाच्या बुटात पाय कुणी घालणार नव्हतं, आजोबांनी घासलीच नाहीत. मग माझा हात उजव्यात घातला. गुळगुळीत. हो, मी घासली होती. का? कुणी घालणार नव्हतंच. पण सवय. टोकं ठेवून बूट बाजूला ठेवणं मला जमत नाही.

मला वाटलं, सापडलो आम्ही. बरं वाटलं, खरं सांगते.

पण डॉक्टरांनी यावरही गोष्ट रचून ठेवली होती. बुटांच्या पुस्तकासाठी टिपण लिहिलंय, तेच वाचून दाखवलं. तरुणपणी तारयान वेन्देलनं एक पाय केला, लोकांना दाखवायला. म्हातारपणी, मरण समोर दिसताना, दुसरा केला — घालण्यासाठी. म्हणून आतून गुळगुळीत. डावा आतून घासण्याआधीच तो गेला.

वाचताना त्यांचे डोळे भरले.

आजोबांच्या हातून शेवटची पाच वर्षं चमचा निसटायचा. सूप मी भरवायचे. हे मी बोलले नाही. कमी बोल, सांगितलं होतं.

रविवार, ९ ऑक्टोबर

काल रात्री जेवताना बाबांना सांगितलं. खसखशीच्या शेवया होत्या, त्यांनी साखर घालत घालत ऐकलं.

म्हणाले, मग काय बिघडलं? बूट चांगला आहे की नाही? मी म्हटलं, आहे. कातडं आजोबांचं आहे की नाही? आहे. फर्मा? आहे. दुकान? मग तू त्यात नवीन काय आणलंस, दोराच ना?

मी म्हटलं, हात.

तेव्हा बाबांनी चमचा खाली ठेवला. "तुझ्या आजीनं चाळीस वर्षं या दुकानातल्या प्रत्येक बुटाचा वरचा भाग शिवला. या स्वयंपाकघरात, या टेबलावर. कुणाला म्हणाली का, माझं नाव घाला?"

तेच रात्रभर डोक्यात. आजीला कुणी विचारलं होतं का, हे सुचलं तेव्हा सकाळ झाली होती.

आणि हेही लिहायला हवं — डॉक्टरांचं पुस्तक निघालं की व्हिएन्नाची गिऱ्हाइकं परत येतील, असा बाबांचा हिशेब आहे. दुकान चालावं असं मलाही वाटतं. बाबा वाईट नाहीत. वाईट असते तर सोपं होतं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

राग खोटेपणाचा की नावाचा? तीन दिवस स्वतःला विचारतेय. नावाचा जास्त. लिहून ठेवते, पुढे स्वतःला साध्वी ठरवायला नको.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

डॉक्टर दुकानात आले. पिशवीत एकटा डावा.

पंचवीस तारखेला, चांभारांच्या संताच्या दिवशी, त्यांच्याकडे मेजवानी आहे. दरवर्षी असते, बुटांचे शौकीन येतात. या वेळी त्यांना हा जोड पायात घालून पाहुण्यांचं स्वागत करायचंय. माप बेचाळीस, त्यांचंच. इतकी वर्षं जमवले, एकही घातला नाही, म्हणाले. आता वय झालं. म्हाताऱ्या वेन्देलला जे जमलं नाही ते पुरं करायचं. डाव्यातली टोकं घासून द्या. आणि ते काम पोरीनं करावं, हिचा हात लहान आहे, नाकापर्यंत जाईल.

बाबा म्हणाले, पुढच्या शुक्रवारी तयार.

म्हणजे डावाही आतून उजव्यासारखा होणार. मग कोण कुणाचा, हे सांगायला काहीच उरणार नाही. हे मला उभ्या जागी कळलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"डॉक्टरसाहेब, उजवा मी केलाय. गेल्या हिवाळ्यात."

बाबांच्या हातातली आरी थांबली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावायला हवे होते. त्यांनी माझ्या गालावर थोपटलं, दातांच्या डॉक्टरकडे रडणाऱ्या मुलाला थोपटतात तसं. म्हणाले, आजोबांवर फार जीव होता ना तुझा. मग बाबांकडे वळून, हसत — "हिचा हात येईल हो तसा. दहा वर्षांनी येईल."

आणि बाबाही हसले.

त्यांनी हो म्हटलं असतं, नाही म्हटलं असतं, माझ्यावर ओरडले असते, काहीही चाललं असतं. हसले.

डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत काम करत होतो. दिवा बाबांनीच माझ्याकडे सरकवला.

शनिवार, १५ ऑक्टोबर

काही नाही. दोन टाचा बदलल्या.

रविवार, १६ ऑक्टोबर

दुकान बंद. एकटीच खाली उतरले. डावा मांडीत घेतला, हात आत घातला आणि आधी नुसती टोकं मोजली. एकशे अठरा. तीन फाटलेली. कमानीजवळ ओळ वाकडी गेलीय, बाहेरून दिसत नाही, आतून बोटाला लागते. आजोबा अठ्ठावीस वर्षांचे होते तेव्हा. मला शिकवताना म्हणायचे, ओळ वाकडी गेली तर सगळे खिळे उपट आणि पुन्हा मार. माझ्याकडून दोनदा उपटून घेतले होते, मी दहा वर्षांची असताना. रडले होते.

डॉक्टर बुटाबद्दल बरोबर आहेत. उजवा खरंच वरचढ आहे. चूक फक्त माणसात झाली.

हे लिहून आनंद व्हायला हवा होता. तोंड कडू झालंय. आजोबांहून वरचढ व्हावं, असं मला कधीच नको होतं.

मग कानस घेतली आणि घासलं. सगळं. पायाला टोचेल असा बूट हातातून सोडता येत नाही मला. दोन तास लागले. भुसा फुंकून टाकला. आता दोन्ही सारखे.

सोमवार, १७ ऑक्टोबर

बाबांनी डाव्यात हात घालून बघितला. "छान." एवढंच. मग जाता जाता, पाठ माझ्याकडे ठेवून — "शुक्रवारी तूच पोचवून ये."

मंगळवार, १८ ऑक्टोबर

एक गोष्ट इथं अजून लिहिली नाही. वहीलाही सांगायचं धाडस नव्हतं.

टाच कातड्याच्या थरांची असते. मार्चमध्ये, उजव्याचा शेवटचा थर ठोकण्याआधी, मी खालच्या थरावर पेन्सिलनं माझं नाव लिहिलं होतं: तारयान बोरोका, आणि तारीख. बाबा पाव आणायला गेले होते. म्हणजे मार्चमध्येच मला सगळं कळलं होतं. सरावाच्या बुटात कुणी नाव लपवत नाही.

ते दाखवायचं तर टाच उपटावी लागेल. थर फाटतील, कडेचे टाकेही जातील. मी केलेला सगळ्यात चांगला बूट. पुन्हा तसा जमेल की नाही, माहीत नाही.

तरी उपटणार. मेजवानीत नाही, चार लोकांसमोर डॉक्टरांना खाली बघायला लावणार नाही. बूट पोचवायला जाईन तेव्हा, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. पक्कड आणि कातडं कापायची रापी पिशवीत भरून ठेवलीय.

शुक्रवारी, २१ ऑक्टोबरला. सकाळी दहा वाजता.