रविवारच्या सामन्याआधी

ठाकुर्ली,
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

प्रिय मृणाल,

कशी आहेस? काकूंचं बीपी आता ताब्यात आहे ना? आमच्याकडे सगळे ठीक. गणपती गेले आणि घर एकदम सुनं झालं. विनीतची शिफ्ट बदललीय, त्यामुळे नवरा-बायकोची भेट फक्त चहापुरती.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू "बोल" म्हणतेस आणि गप्प बसतेस, मग मी भलतंच काहीतरी बडबडते. एकोणीस वर्षं आपलं हेच चाललंय.

रविवारी फुटबॉल लीगचा पहिलाच सामना, आणि तोही तुमचा-आमचा. सगळे विचारतात, कोण जिंकणार? मी म्हणते, आधी अकरा जणी उभ्या तर राहू देत. माझ्या संघातल्या जुन्या सहा पोरी सोडून गेल्या. दोघींना नोकरी लागली, एकीचं लग्न झालं, तिघी नवी मुंबईच्या क्लबात. तुझी गोलकीपर गेली, अख्खा डिफेन्स नवा. गेल्या सीझनला तुम्ही खालून दुसरे, आम्ही खालून तिसरे. तरी ठाणे विरुद्ध ठाकुर्ली म्हटलं की दोन्हीकडच्या पोरींच्या अंगात येतं.

तुझी नवी लेफ्ट बॅक पुढे गेली की परतायला उशीर करते, हे मी हेरून ठेवलंय. मला फसवायला मुद्दाम करते, असाही संशय आहे.

संशयाचंच सांगायला बसलेय. ऑगस्टमध्ये कल्याणला आपली फ्रेंडली मॅच झाली. कॉर्नर किकचा आमचा नवा डाव होता. बॉल गोलपुढे न टाकता मागे, एकट्या उभ्या योगिनीला द्यायचा. तीनच दिवस सराव केलेला, तोही मैदानाचं गेट लावून. आणि मॅचमध्ये तुझ्या दोन पोरी आधीच तिथे हजर! तू बाहेरून हातसुद्धा हलवला नव्हतास.

आमच्यातलंच कुणीतरी फुटलंय, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पहिला संशय रसिकावर. का, तर तिची आत्या ठाण्यात, चरईला राहते. तिला मी आठ दिवस कॉर्नरच्या सरावाला बाहेर बसवलं. बिचारीने कारणही विचारलं नाही. मग एकदा योगिनीचा मोबाइल बघितला. हो, न विचारता बघितला. आठवड्यात मृणालमावशीचे चार फोन, त्यातला एक चाळीस मिनिटांचा. माझी सख्खी लेक! स्पर्धांमध्ये दिसता तेवढीच तुमची ओळख, असं मी समजत होते. "रसिकाकडे अभ्यासाला जाते" असं सांगून जायची, आणि रसिकाची आई मला बाजारात म्हणाली, "योगिनी महिनाभर फिरकलीच नाही हो आमच्याकडे."

सोमवारी मी तिच्या मागोमाग ठाण्याला आले. टेंभी नाक्यावर नवरात्रीच्या मंडपाचे बांबू उतरवत होते, त्या ढिगाच्या आड उभी राहिले. तू स्कूटरवरून आलीस, तिच्या खांद्यावर हात ठेवलास आणि दोघी समोरच्या बिल्डिंगमध्ये गेलात. मला काय वाटलं सांगू? ही माझी पोर पळवतेय. रविवारी राज्याच्या संघासाठी निवड समितीची माणसं येणार, त्याआधी तिला आपल्या क्लबात ओढतेय. जुना हिशेब चुकता करतेय. मग पाटी वाचली, हाडांच्या डॉक्टरांची. तरीही संशय गेला नाही, बघ. वाटलं, घेण्याआधी तपासून घेतायत.

संध्याकाळी तिला समोर बसवलं. "मृणालमावशीने काय कबूल केलंय तुला?"

ती म्हणाली, "कबूल? आई, माझा गुडघा दुखतोय गं. जूनपासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, पट्टी बांध आणि खेळ."

मी आवाज चढवला. दुसरं काय करणार? "आणि कॉर्नर? तो कुणी सांगितला त्यांना?"

रडता रडता तिला हसू आलं. "अगं, तो मावशीचाच कॉर्नर आहे. कॉलेजला तुम्ही दोघी घ्यायचात ना? तिच्या पोरींनाही तिने तोच शिकवलाय."

मृणाल, देवाशप्पथ, तो मीच शोधून काढलाय असं मला वाटत होतं.

मग तिने रिपोर्ट दाखवला. लिगामेंट अर्धवट फाटलंय, तीन महिने खेळ बंद. "रविवारच्या आत आईला सांग, नाहीतर मी सांगते," असं तू तिला बजावलंस म्हणे. आमची सगळ्यात चांगली पोर लंगडत खेळली असती तर फायदा तुझाच होता.

"एकच मॅच, आई. मग तीन महिने बसते," असं म्हणून ती माझ्या पाया पडली. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही ओठांवर आलं होतं की पट्टी बांधून बघू या.

तेव्हा मला आपली कॉलेजची फायनल आठवली. हाफटाइमला तू म्हणालीस, "कल्पू, गुडघ्यात काहीतरी सुटलंय, पाय टेकवत नाही." सरांनी मला विचारलं, कारण मी कॅप्टन. मी म्हटलं, "काही नाही सर, घाबरलीय नुसती." आणि तुला हाताला धरून उठवलं. अकरा मिनिटांनी तू पडलीस, ती पुन्हा कधी खेळली नाहीस. हॉस्पिटलात काकूंनी विचारलं, "दुखत होतं तर खेळवलं कुणी?" मी म्हटलं, "ऐकेचना, हट्टाने उतरली." तू कॉटवर होतीस, जागी होतीस. काही बोलली नाहीस.

काकू अजून लोकांना सांगतात, पोरीच्या हट्टापायी गुडघा गेला. इतकी वर्षं तू ते ऐकून घेतेस. आणि बोलून बोलून मलाही ते खरं वाटायला लागलेलं.

योगिनी रविवारी खेळणार नाही. तिच्या जागी रसिका. तिची मी काल सगळ्या पोरींसमोर माफी मागितली, आणि हे पत्रही उद्या तीच तुझ्या सरावाला आणून देईल. योगिनी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. बोलेल तेव्हा बोलेल.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी काकूंकडे येतेय. तू घरीच राहा, आतल्या खोलीत जाऊ नकोस. मला मध्येच थांबवू नकोस, आणि सांभाळून तर अजिबात घेऊ नकोस.

काकूंना माझा नमस्कार आत्ता सांगू नकोस. शनिवारी सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी घेतला, तर मीच वाकून करीन.

तुझी,
कल्पिता