कालचं तेवढं कर

सर, खुर्ची वर्तुळाच्या मध्ये ठेवून मी मागे सरकले, तर एक मुलगी आधीच उठून उभी होती. निलंग्याच्या कॉलेजात बारावीच्या मुलींचं नाट्यशिबिर घेत होते. रिकाम्या खुर्चीत कुणी बसलंय असं मानायचं, आणि त्या माणसाशी कधीच बोलता आलं नाही ते बोलायचं. तुमचाच खेळ. ती म्हणाली, ‘‘आप्पा, बसा की. दर बारीला उठूनच जाता. पाव्हन्यांना हो म्हनलाव, मला इचारलं बी न्हाई. मला नर्सिंगला जायचंय.’’ मग थांबली. मागून एक मैत्रीण म्हणाली, ‘‘आप्पा तर गप्पच हायत गं.’’ ‘‘घरी बी असंच असतंय,’’ ती म्हणाली. सगळ्या हसल्या, तीही हसली. लिहून असा प्रसंग जमला नसता, एवढंच माझ्या मनात आलं.

नांदेडला तुमच्याकडे शिकत होते तेव्हा मैत्रिणीनं वर्तुळात सांगितलेली गोष्ट मी एकांकिकेत घातली होती. बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात चहा गाळत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘‘ती सांगत होती तेव्हा तू ऐकत नव्हतीस. वेचत होतीस.’’ मी रागानं निघून आले. पुढे तुम्ही गेलात. तेव्हापासून प्रत्येक शिबिराच्या पहिल्या सकाळी मी मुलींना सांगते, वर्तुळात आलेलं बाहेर जाणार नाही. निलंग्यातही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालकांसमोर सादरीकरण. दुपारी मी त्या मुलीला बाजूला घेऊन म्हणते, ‘‘कालचं तेवढं कर.’’ ती ओढणीचं टोक पिळते. ‘‘मॅडम, आप्पा येनार हायत.’’ मी म्हणते, ‘‘नाटकच आहे. आप्पाच्या जागी बाबा म्हण.’’ एवढी दुरुस्ती मला पुरेशी वाटते.

‘बसा की’ला सतरंजीवरचे सगळे हसले. तिचे आप्पाही हसले, त्यांना अजून कळलं नव्हतं. नर्सिंगचं वाक्य आलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘आप्पा, तुमच्या घरचंच सांगायलीय की पोरगी!’’ मोठा हशा झाला. आप्पा उठले, माणसांतून वाट काढत पुढे आले आणि आवाज न चढवता म्हणाले, ‘‘चल. लई झालं तुजं शिक्षण.’’ तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या गटाला खूण केली. कार्यक्रम अडून राहू नये, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं होतं.

नंतर प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘घरचा मामला हाय मॅडम, तुमी परवा जाताल. आमाला हितंच ऱ्हायाचंय.’’ तिच्या घरी मी गेले नाही. हे पत्र पाठवायला आता पत्ता नाही, सर. पण तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई आली. ‘‘आता येनार न्हाई ती. तिचा कागद तेवढा द्या,’’ म्हणाली. प्रमाणपत्रावर लिहायला मला मुलीचं नाव विचारावं लागलं.