तापीच्या बेटावरचं लेकरू

बऱ्हाणपूर, १८ जानेवारी १९४९

ती. सौ. कुसुमताईस,
धाकट्या चुडामणचा सा. न. वि. वि. निघालो होतो हैदराबादची लढाई बघायला, पण मी पोचायच्या आत ती संपली. परतताना इथे मावाजिलेबीत अडकलो, आणि आता तुमच्या बहादरपूरजवळच्या बेटावर पुराणवस्तू खात्याच्या खोदकामाला लागलोय. खात्याचे साहेब म्हणतात, हजार वर्षांपूर्वीची माणसं. एकावर एक फेकलेली. एकाच्या मणक्यात बाणाचं टोक, एकाची मान तोडलेली. एक लेकरूही निघालं, कवटी फुटलेलं. सच्ची सांगतो, झोप उडाली, पण पाय निघत नाही. परवा खालच्या टोकाला, बाभळीपाशी खणायचं. निंबादाजींना म्हणावं, मेहुणा कामाला लागला, आता तरी भटक्या म्हणू नका.
आठवण ठेव.
चुडामण

बहादरपूर, १९ जानेवारी

चि. चुडामणास अनेक आशीर्वाद.
बाभळीपाशी कुदळ लावू नको. दात न आलेलं लेकरू आपण जाळत नाही, पुरतो. गावाची सगळी तिथेच आहेत. दिवाळीनंतर माझा बाळ्याही तिथेच ठेवला. तू कुठे भटकत होतास, तुला कोण कळवणार? बाजारात गावच्या कडूने ह्यांना सांगितलं, सरकार लेकरं उपसतंय. हे कुऱ्हाडीला धार लावतायत. साहेबांचे पाय धर, पण थांबव.
जिवाला जप.
तुझी ताई

बेटावरून, २१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. भला माणूस, लगेच म्हणाला, ते टोक सोडा. बाभळीखालची माती हललेली नाही, तुझी शपथ.
पण तोवर दाजी माणसं घेऊन पाण्यातून आले. वरच्या खड्ड्यात ते जुनं लेकरू उघडं होतं. आमचा मजूर यादव, इथेच पाट्या वाहणाऱ्या धुरपदाबाईचा नवरा, वाकून त्याच्यावरची माती फुंकत होता, कुदळ शेजारी. दाजींना वाटलं, कवटी ह्यानेच फोडली. मी ओरडलो, दाजी, तुमचं नाही ते! त्यांनी यादवच्या मानेवर घाव घातला. मी मधे डावा हात घातला, दुसऱ्या घावात माझी दोन बोटं गेली. यादव त्या हाडांवरच पडला, उठला नाही. दाजी रक्ताने भिजलेली हाडं धोतरात बांधून, बाळ्या बाळ्या करत गेले. ताई, त्या लेकराला दाढा आहेत.
साहेब तंबूत होते. मारणारा ओळखणारा मी एकटा. फौजदार विचारतोय. काय सांगू?
चुडामण

बहादरपूर, २२ जानेवारी

चि. चुडामणास आशीर्वाद.
गाठोडं मीच सोडलं. ह्यांचं बोट धरून दातांवरून फिरवलं. मग म्हणाले, तो माणूस कोण होता? मी म्हटलं, यादव, धुरपदाबाईचा नवरा.
भाऊबंद म्हणतात, इच्छापूरवरून खानदेशात उतरून जा, तिकडे कोण शोधतंय. हे जायला उठले होते. मी बाहेरून कडी घातली नि उंबऱ्यात बसले आहे. आत दारावर लाथा मारतायत, बाहेर दीर शिव्या देतोय. एकदा काठीही बसली.
शेजारच्या मालूबाईच्या हाती हे पाठवते. माझा विचार करू नको, जे पाहिलंस ते सांग. आणि एकटा येऊ नको, फौजदाराला घेऊनच ये. दार जुनं आहे.
तुझी,
कुसुम