नवा हातमोजा

प्रिय मोंजिया मावशी,

डाळिंबं पोहोचली. हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. अक्षर वाकडं दिसलं तर रागावू नकोस; मी शाळेत जाण्याआधी, गाबेसच्या तुझ्या स्वयंपाकघरात तूच त्याला वळण लावलंस. खोटं लिहिलेलं पान तू फाडायला लावायचीस. तशी तीन पानं फाडून झाली.

लग्नाआधी गालांवरचे मुरुमांचे खड्डे थोडे भरून घ्यायचं मी ठरवलं. बसमा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेझरने दोन-तीन खेपांत भागेल, पण आपल्या गव्हाळ कातडीवर काळे डाग उठायची भीती. बारीक सुयांनी टोचून घेतलं तर ती भीती कमी. मात्र महिन्याला एक अशा पाच खेपा, आणि फरक सावकाश. पूर्ण कशानेच जाणार नाहीत. वहीत दोन रकाने आखले आणि रोज मन बदललं. आई म्हणे, "टोचायचंच तर माझी शिवणाची पेटी आहे की घरात." निझार म्हणे, "लग्न मी करतोय ना, मला तर खड्डे दिसतच नाहीत." त्याने असं म्हटलं की मला जास्तच दिसत.

शेवटी सुया घेतल्या. पण पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "मुरुम असताना चेहरा कशाने घासायचीस?" मी म्हणाले, "नखं लावली मीच." ते खोटं चार महिने टोचत राहिलं, सुयांपेक्षा जास्त.

मावशी, मी तेरा वर्षांची होते. दर गुरुवारी हम्मामच्या गरम वाफेत, सगळ्या बायका अंघोळ करत असताना, तू मला गुडघ्यांत धरून खरबरीत हातमोज्याने गाल घासायचीस. "मळ निघाला की मुरुम जातील, जरा कळ काढ." रक्त आलं की फुंकर घालायचीस. परवा मी बाईंना खरं सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं. माझ्यावर फार जीव असलेल्या माणसाने घासलं, एवढंच. बाईंनी स्वतःचा गाल पुढे केला. म्हणाल्या, "हे माझ्या आईचं काम."

आई सांगत होती, माझ्या लग्नाच्या हम्मामसाठी तू नवा हातमोजा आणला आहेस आणि मला दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाहीस. फाडलेल्या पानांत मी त्या दिवशी ताप येणार असल्याचं लिहिलं होतं. मावशी, मलाही दुसरं कोणी नको. पाठ घास, हात घास, टाचा तर सोलून काढ. फक्त चेहऱ्याची पाळी आली की हातमोजा बाजूला ठेव आणि उघड्या हाताने पाणी घाल. एवढंच मागायचं होतं. हे पान मी फाडणार नाही.

तुझ्याच हातची,
रिहाब