वळून येणारा बॉम्ब

माल्टा बंदर, मार्च १९५६

सौ. सुभद्रेस,

तुझा हिंदुराव इकडे धडधाकट आहे, पोटभर जेवतो. तुझे पाय अजून सुजतात का? चाकणच्या बाजारातून कांद्याची पिशवी तू उचलू नकोस, माझ्या धाकट्या भावाला, अर्जुनला सांग.

आता लांबून सोडलेले, वाटेत वळून जहाजावर येणारे बॉम्ब निघालेत. ते चुकवायचा सराव आमच्या नौदलाच्या जहाजावर चाललाय. काल सकाळी एक विमान त्या बॉम्बचं सोंग घेऊन आलं. रडारवर मी होतो. ठिपका मला उशिरा दिसला. साहेबांनी जहाज बुडालं असं ठरवलं आणि आम्हाला मेलेले म्हणून डेकवर आडवं केलं. शेजारचा अकबर कुजबुजला, "भाऊ, मेल्यावर डोळे पुसायचे नसतात." मला तुझी आठवण आली होती गं, आणि पोटातल्या बाळाची.

दुपारी विमान पुन्हा आलं. या खेपेस मी पापणी लवू दिली नाही. ठिपका दिसताच ओरडलो, जहाज वळलं, तोफा रोखल्या. "वाचलात!" साहेब म्हणाले. सगळ्यांनी टोप्या उडवल्या.

आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा मेल्याचं तेवढं गाळ, आणि वाचल्याचं दोनदा वाच.

तुझाच,
हिंदुराव