टिपाडातली दोन कासवं

बाई, तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं त्या वर्षांत अख्खं पालघर तुम्हाला कासववाल्या बाई म्हणायचं. शाळेच्या पडवीत दोन टिपाडं, दोन्हीत निम्मा चिखल, निम्मं पाणी. एकात केळव्याच्या वाडीतल्या बारमाही तळ्यातलं कासव, दुसऱ्यात शिपाईमामांनी डोंगरातल्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यातून आणलेलं. जात एकच. एकाच उन्हात दोघं सारखी वागतात का, एवढाच तुमचा प्रश्न. लोक हसायचे. तुम्ही मात्र सुट्टीच्या दिवशीसुद्धा थर्मामीटर बघून वही लिहायचात. तसं चिकाटीचं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

थंडीत दोघंही सुस्त होती. चैत्रात पारा चढला तसं केळव्याचं आपण टाकलेल्या सुक्या जवळ्यावर तुटून पडायला लागलं, आणि डोंगरातलं चिखलात शिरलं ते दिसेनाच. नेमक्या तेव्हा तुम्ही चार दिवस तारापूरला भावाकडे निघालात आणि वही माझ्या हाती दिलीत. "नुसतं बघायचं. हात लावायचा नाही." वर्गात दुसऱ्या कुणाला तुम्ही त्या वहीला शिवू देत नव्हता; मी हवेत होते. पण कासव मेलं असलं तर? शिपाईमामा म्हणाले, "पोरी, मेला नाय तो. उनाचा निजलाय." मी कुठली ऐकते! उकरलं, धुतलं, केळव्याच्या टिपाडात खोल पाण्यात सोडलं, परत चिखलात शिरू नये म्हणून मध्ये फळी रोवली आणि तारीख न घालता लिहिलं, 'आपणहून बाहेर आले.'

तुम्ही आलात, वही वाचलीत आणि चिखलातले माझ्या बोटांचे ठसे पाहिलेत. "पी हळद नि हो गोरी! उकरलंस ते एक वेळ चालेल, खोटं लिहिलंस ते नाही. कधी उकरलंस?" मी म्हटलं, "काल." तुम्ही तेवढं माझ्याकडूनच लिहून घेतलंत, आणि वही माझ्याकडेच ठेवलीत. मला रडू फुटलं. कासवाला त्याच्या टिपाडात सोडलंत, तर संध्याकाळच्या आत ते चिखलात गडप! तुमचा चेहरा असा उजळला होता, बाई. धावत हेडमास्तरांना सांगायला गेलात. ते म्हणाले, "एका दिवसाच्या पाण्यावरून काय ठरतं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बरोबर आहे, सर," आणि नोंदीपुढे प्रश्नचिन्ह काढलंत. मी शेजारीच उभी होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. काल नव्हे, बाई. तुमची एसटी सुटली त्याच दुपारी मी ते उकरलं होतं. चार दिवस पाण्यात राहूनही ते चिखलातच गेलं.