निंबाची वरची तार

प्रिय वामनकाका,

तू गेल्याला सव्वा महिना झाला आणि मी आता लिहून राहिलो. काहून आता? तर रविवारी बाबांचा फोन आला होता. तुझं कपाट रिकामं करताना त्यांना एक कॅसेट सापडली. तिच्यावर तुझ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘झाडवाला कार्टून, पुसू नये’. बाबांनी विचारलं, फेकू का? मी म्हणालो, ठेवा. मग ते म्हणाले, “दारचा निंब वरतून पिवळा पडून राहिला रे.”

तेव्हापासून हातात पक्कड घेतली की हेच वाक्य आठवते. म्हणून हा कागद.

मराठी चुकली तर हसू नको. माझी शाळा हिंदीतली, ती पण आठवीपर्यंत. मराठी वाचायला तूच शिकवलं, नागपूरवरून येणाऱ्या पेपरवर बोट ठेवून. तेव्हा चूक निघाली तर अर्धी तुझी.

मी सध्या भुजच्या पुढे आहे, मोबाईलचे टॉवर उभे करतो. आधी सुरत, मग पुणे, आता इथे. एका जागी माझा पाय टिकत नाही, तुला माहीत आहे. तू गेला त्या दिवशी मी वरच होतो. उतरल्यावर बाबांचे कॉल दिसले. फोन लावला, ऐकलं, चहा प्यायलो, परत चढलो. रडलो नाही. बाबा म्हणाले, दोन दिवसांची गाडी आहे, तू पोचेपर्यंत सगळं आटपेल, राहू दे. मी राहू दिलं.

ते कार्टून तुला आवडलं नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. आपलं रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आपल्या मोहल्ल्यात, बुढापाऱ्यात, भाड्याने साहेब लोक येऊन राहिले होते आणि प्रत्येकाला बातम्यांचे सगळे चॅनल पाहिजे होते. तुझा केबलचा धंदा जोरात होता. वर आपलं लोकल चॅनल! दुपारी पिक्चर, संध्याकाळी भजन, आणि खाली सरकणारी पट्टी. कोणाचा वाढदिवस, कोणाची गाय हरवली, गोल बाजारातल्या भांडेवाल्याची जाहिरात.

पर्यावरण दिनाला कोण्या तरी मोठ्या चॅनलवर तो एक तासाचा खास कार्यक्रम लागला. तू तो रेकॉर्ड केला, कारण सुट्ट्या होत्या आणि पाऱ्यातले पोट्टे तुझ्या दारात बसून कार्टून लगाओ काका, कार्टून लगाओ करत होते. दहा मिनिटं पाहून तू मला म्हणाला, “एका घंट्यात एक बी गाडी उडत नाही. कोन पाहीन हे?”

पाहिलं तर सगळ्यांनीच. एका गावात एक मोठं झाड असते. बैल बांधायला कोणीतरी त्याच्या बुंध्याला साखळी घालते. बैल जातो, माणूस जातो, साखळी राहते. झाड वाढते, साखळी वाढत नाही. झाड बोलत नाही, गाणं म्हणत नाही, नुसत्या दरवर्षी थोड्या फांद्या सुकतात. वाटीएवढ्या डोळ्यांची एक खार असते, तिला ते समजते आणि ती घरोघर जाऊन माणसांचे कपडे ओढते. एवढंच.

पण पहिल्या दिवशी कोणाला काही कळलंच नाही, आठवते? तुझी पट्टी चालू होती आणि साखळी नेमकी पट्टीच्या मागे! झाड सुकून राहिलं, खार रडून राहिली, आणि त्यावरून ‘स्टील के डिब्बे, शादी का पूरा सामान’ सरकून राहिलं. पोट्टे दारात आले, पेड को हुआ क्या है काका? तू कुरकुरत पट्टी काढली आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. तेव्हा साखळी दिसली. तू पण तेव्हाच पाहिली. मी बाजूला बसलो होतो. तू चहाचा कप खाली ठेवला तो उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या साहूजींची पिंकी आपल्या दारासमोरच्या निंबाखाली येऊन उभी राहिली. सात वर्षांची असेल. मान वर करून पाहत होती. निंबाला तुझ्या जाड तारेचे दोन वेढे होते, त्यांवर केबलची मेन लाईन आणि सिग्नल वाढवायचा लोखंडी डबा.

“काका, ये वाला तो आप बांधे हो न?”

तू म्हणाला, हव.

“तो खोल दो.”

रागात नाही बोलली. नळ बंद करा म्हणावं, तसं. तू तिला गोळी दिली. तिने गोळी घेतली आणि तिथेच उभी राहिली.

खोल दो म्हणणं सोपं आहे! आजी गेल्यावर घराचे दोन भाग झाले. समोरची खोली तुला, मागची बाजू आणि छत बाबांना. छतावरूनच तुम्हा भावांची बोलाचाली झाली आणि मग बोलणंच बंद. लाईन न्यायला तुला ते छत पाहिजे होतं, पण तू मागितलं नाही. डिशची छत्री साहूजींच्या छतावर बसवली आणि लाईन निंबावरून ओढली. म्हणजे ती तार निंबाला काहून बांधली, हे त्या पोरीला तू काय सांगणार होता? मी दोन्हीकडचा. जेवायला मागे, कामाला पुढे. शाळा सोडली तेव्हा बाबांनी मला दोन महिने शिव्या दिल्या, तू नुसती पक्कड दिली.

पोट्टे रोज यायचे, वर पाहायचे, जायचे. तू खिडकी लावून घ्यायला लागला.

मग रविवारी तू ते कार्टून परत लावलं. पट्टी या वेळी वर सरकवली होती, साखळी दिसावी म्हणून. पट्टीत भांडी नव्हती. मराठीत होतं, ‘दादा, छतावरून केबल नेऊ का? वामन’.

मी मागे बाबांच्या बाजूला जेवत होतो. पट्टी एकदा गेली. दुसऱ्यांदा गेली. काका, साऱ्या पाऱ्याच्या टीव्हीवर ती फिरून राहिली होती! दार ठोठावलं असतं तर दहा पावलं होती. साहूकाकूंनी भिंतीवरून आईला विचारलं, क्या लिखा है दीदी? बाबा टीव्हीकडे पाहत जेवत होते. भात संपवला, हात धुतला, छतावर गेले. वरून ठोकण्याचा आवाज आला. कार्टून संपलं तरी ठोकतच होते.

सकाळी मला म्हणाले, “त्याले सांग, छतावर कोपऱ्यात तारेसाठी पाईप लावला. भिंतीले भोक नको पाडू म्हणा.”

मी येऊन सांगितलं. तू म्हणाला, बरं. आणि बराच वेळ ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिला. काय शोधत होता?

कोणाला वाटेल, मग दोघे भाऊ गळ्यात पडले. कुठं! पुढची सारी वर्षं तुमचं बोलणं एवढंच. बाबा ऑफिसला निघताना विचारायचे, “सिग्नल ठीक हाय न?” तू म्हणायचा, “हव.” पण रोज विचारायचे. मी गेल्यावर पण विचारायचे म्हणे. तुझी लाईन सेट टॉप बॉक्सवाल्यांनी घेतली, तुझ्याकडे सिग्नलच राहिला नाही, तरी विचारायचे.

लाईन छतावर गेली. राहिले निंबावरचे दोन वेढे. तू खालून शिडी धरली, मी चढलो. साल तारेवर चढली होती, तार आत गेली होती. मी जोर लावून ओढायला लागलो तर तू खालून म्हणाला, “ओढू नको. नुसती काप. आतमधली राहू दे आत, झाड घेईन सांभाळून.”

खालचा वेढा कापला. वरच्यापाशी लाल मुंग्या डसल्या. मी वैतागलो आणि उद्या करतो म्हणून उतरलो. त्याच आठवड्यात टॉवरच्या ठेकेदाराचा माणूस भेटला आणि मी निघून गेलो. तुला धड सांगितलं पण नाही. आईने सांगितलं असेल.

दर दिवाळीला फोनवर तू विचारायचा, “वरची राहिली न गुड्डू?” मी म्हणायचो, येतो न काका. दोनदा आलो पण. दोन्ही वेळा निंबाखालून बॅग घेऊन गेलो आणि वर पाहिलं नाही. तू पण त्या वेळी काही बोलला नाही. फोनवर विचारायचा, समोर नाही. काहून?

वीस मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या कोणाला सांगायचं न! रविवारी मी बाबांना हेच विचारलं, जरा चिडूनच. ते म्हणाले, साहूजींचा पोरगा शिडी घेऊन आला होता, तू त्याला परत पाठवलं. “गुड्डूचं काम हाय थे, म्हणे.”

काका, असं कोण करते? माझ्या भरवशावर झाड ठेवते का कोणी? तुला माझा भरवसा माहीत नव्हता? माणूस बोलावून घ्यायचा असेल तर सरळ म्हणावं, ये. पण तू कसा म्हणणार? सख्ख्या भावाला विचारायला तुला पट्टी लागली.

आता निंब वाचेल की नाही, माहीत नाही. कार्टूनमधलं झाड वाचलं होतं, पण त्याला एकाच तासात सगळं आटपायचं होतं.

शुक्रवारच्या गाडीने निघतो. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, शिडी काढून ठेवू का? मी म्हणालो, बाबा, मी निंबाच्या चौपट उंच चढतो रोज, मला शिडी कशाला? ते म्हणाले, “तरी खालून धरायले कोनी पाहिजे न. वामन धरून होता तुह्यासाठी.”

म्हणजे त्या दिवशी ते छतावरून पाहत होते. आपल्याला दोघांनाही माहीत नव्हतं.

तर येतो काका. बाबा शिडी धरतील, मी वरची तार कापतो. मुंग्या डसल्या तरी उतरत नाही. आणि ओढणार नाही. आतमधली राहू देतो आत.

तुझा,
गुड्डू